जांभळी कड

प्रवचन असो वा नवराबायकोचं भांडण, कानावर पडलं की मावशी तल्लीन व्हायच्या. फोटोच्या दुकानातल्या रांगेत त्यांच्या पुढे असंच एक जोडपं उभं होतं.

"भाऊ, सासऱ्यांच्या पांढऱ्या केसांना ही जांभळी कड आलीय. तेवढी पुसून द्या."

"पुसतो, साहेब. मागे ऊन असलं आणि छोट्या कॅमेऱ्याचा झूम पार शेवटपर्यंत ताणला, की असं होतं."

"म्हणजे फोटो लांबून काढलाय?" बायकोनं विचारलं.

"चांगलाच लांबून, ताई."

"अहो, बाबांच्या प्रवचनाला तुम्ही पहिल्या रांगेत होतात ना?"

"होतो की. सुरुवातीला."

"आणि नंतर?"

"मैदानापलीकडच्या हॉटेलच्या गच्चीवर. तिथून बाबांचा चेहरा फार प्रसन्न दिसत होता."

"ऐकू येत होतं?"

"नाही. म्हणूनच तर..."

दुकानदार मान खाली घालून कड पुसू लागला. मावशी रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या.

"मी तिथे मांडी घालून बसले, पायांना मुंग्या आल्या, आणि तुम्ही गच्चीत चहा पीत होतात."

"चुकलंच माझं."

"चुकलंच. मलाही वर यायची एक खूण करायची नाही का?"