पास्कूच्या इंजिनाचं हँडल

हसा तुम्ही, पन माझ्या एका खोडीनं आमच्या निर्मळ गावातली एक विहीर वाचली. माझी नाय, शेजारच्या पास्कूची.

रहाट काढून आम्ही दोघांनी एकाच साली डिझेलचं इंजिन घेतलं. केळीला पानीच पानी! पास्कू दुपारी जेवायला गेला की मी त्याच्या इंजिनाचं हँडल गवतात लपवायचो. हँडल नाय तर इंजिन चालू कसं करनार? दोन-दोन तास शिव्या घालत शोधायचा. माझं इंजिन मात्र दिवसभर धडधडत असायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीला समुद्राचं खारं पानी लागलं. केळीची पानं कडेनं करपली. बायको म्हनाली, "चहापन खारट झाला. जा, पास्कूभाऊकडून हंडाभर आना." त्याचं पानी अजून गोडच होतं.

हंडा भरताना माझ्यानं राहवलं नाय. म्हटलं, "पास्कू, तुझं हँडल मीच लपवायचो."

"ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात बघितला तुला."

"मग बोलला का नायस?"

"शोधून होईपर्यंत विहीर परत भरलेली असायची. रहाटाचा बैल दमून थांबायचा, तेव्हा विहिरीलापन दम मिळायचा. इंजिन कुठं दमतं? गोडं पानी उपसून संपवतं, मग समुद्र आत शिरतो. म्हनून मग मीच हँडल तुला दिसेल असं ठेवायला लागलो."

पास्कूनं हात पुढे केला.

"आता तुझं हँडल दे इकडं. आनि संध्याकाळशिवाय मागायला येऊ नको."