कोर्ट नंबर चारला कॅमेरा नाही

— आणि मुलीचं, ऋग्वेदाचं, वय काय म्हणालात? दहा. चांगलं वय आहे. नाही नाही, तुमच्याकडेच लक्ष आहे माझं, फक्त एक डोळा या फोनवर राहणार, राग मानू नका — सिद्धांत खेळतोय आत्ता. सिद्धांत घाडी. पेपरात फोटो आला होता, बघितला असेल तुम्ही. इंग्लंडला आहे. ग्रास कोर्टाची टूर्नामेंट, पुरुषांची, गाव छोटं आहे पण टूर्नामेंटला छोटी म्हणू नका, सगळे पोट भरायला खेळणारे लोक आहेत तिथे — आणि त्यांच्यात नायगावच्या बीडीडी चाळीतला आपला मुलगा, दुसऱ्या राउंडला. माझ्या हाताखालचा. इथेच, या दादरच्या कोर्टावर पहिल्यांदा रॅकेट धरली त्याने, त्या भिंतीवर बॉल मारून मारून तिचा रंग घालवला. बसा ना. खुर्ची ओढा सावलीत.

मॅच दिसत नाही हो, नुसते आकडे. कोर्ट नंबर चारला कॅमेरा नाही. मेन कोर्टावर सगळं दाखवतात, बाहेरच्या कोर्टांना विचारतो कोण? हा हिरवा ठिपका ज्याच्या नावापुढे, त्याची सर्व्हिस. आकडा बदलला की पॉइंट झाला. बस्स. पहिला सेट आपण घेतलाय, सहा-चार. दुसऱ्यात तीन-तीन. समोर ड्रोझ्ड आहे, चेक, डावरा, एवढा उंच की आपल्या ऑफिसच्या दारातून वाकून यावं लागेल. सर्व्हिस अशी, की बॉल दिसत नाही, नुसता ऐकू येतो. सगळे त्यालाच फेवरिट धरून बसलेत. बसू देत. मी त्याच्या मिळतील तेवढ्या मॅचेस बघितल्यात. उंच माणसाचं गवतावर एक दुखणं असतं — बॉल उडत नाही तिथे, घोट्याशी येतो, आणि ड्रोझ्ड गुडघ्यात वाकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याच्या. मग आपण काय करायचं? स्लाइस. आणि सिद्धांतचा बॅकहँड स्लाइस म्हणजे — तुम्ही बघाच एकदा — जमिनीला चाटून जातो. मी त्याला म्हटलं, त्या माणसाला वाकायला लाव, पुनःपुन्हा वाकायला लाव, तिसऱ्या सेटपर्यंत तो स्वतःच बसेल खाली.

जिंकला तर पुढे? पुढे फेरांती, नाहीतर पार्कहर्स्ट. फेरांती इटालियन, मातीवरचा माणूस, गवतावर त्याचे पाय ठरत नाहीत, पहिली मॅच जिंकला ते समोरच्याच्या मेहरबानीने. तो आला तर आपलं नशीब. पार्कहर्स्ट तिथलाच पोरगा, वाइल्डकार्ड, हात सुंदर, घरचं पब्लिक मागे — पण मागे पडला की तोंड एवढंसं होतं त्याचं. त्यालाही जड नाही जाणार सिद्धांतला. खरा माणूस एकच, ब्रॅडॉक. ऑस्ट्रेलियन, पहिला सीड. तो ड्रॉच्या दुसऱ्या टोकाला आहे, फायनलच्या आधी भेटत नाही. असा ड्रॉ पुन्हा मिळत नाही, गौतमराव. मी चाळीस वर्षं या खेळात आहे, मला कळतं. आयुष्यात एकदा दार असं उघडं दिसतं, त्या वेळी आत शिरायचं असतं. मागे वळून बघत बसायचं नसतं.

ड्यूस. चाळीस-पंधरा होता मघाशी. हरकत नाही.

एकटाच गेलाय का? हो, एकटाच. माझा व्हिसा वेळेत आला नाही. त्याचा आला. मला बरं नाही वाटलं, पण बावीस वर्षांचा आहे, लहान नाही. आई येणार कुठे, अनुजा वहिनी शाळेत शिपाई आहेत, त्यांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. दर मॅचला मला फोन करतात — भावोजी, जिंकला काय ओ? एवढंच. हरला म्हटलं की विचारतात, जेवला काय? माउली आहे. आज अजून फोन कसा नाही आला, येईलच.

थांबा. काय झालं? पॉइंट होत नाहीये. वेळ घेतोय. दोन पॉइंटच्या मध्ये वेळ जरा जास्त घेतोय आज, मी मघापासून बघतोय. टॉवेलकडे जात असेल. मीच शिकवलंय ते — दमलास की घाई करायची नाही, टॉवेलकडे चालत जायचं, रॅकेटच्या तारा नीट करायच्या, श्वास खाली उतरू द्यायचा. हां, बघा, झाला. गेला पॉइंट. तीन-चार.

गवताची सवय कुठून लावली विचारताय? हा खरा प्रश्न. मुंबईत कुठे मिळणार ग्रास कोर्ट, मिळालं तरी आपल्याला कोण आत घेणार? परळला एक क्रिकेटचं मैदान आहे, तिथले शामराव माळी माझ्या ओळखीचे. त्यांनी एका कोपऱ्यात पट्टा कापून दिला, रोलर फिरवला, आम्ही बांबूला जाळी बांधली. चेंडू बरोबर तिथल्यासारखाच खाली राहायचा. पूर्ण मे महिना आम्ही तिथे काढला. दुपारी, कारण सकाळ-संध्याकाळ क्रिकेटवाल्यांची. ऊन होतं, हो, मेमध्ये ऊन असणारच. त्या उन्हानेच तर झालं ते.

काही नाही हो, चक्कर आली होती त्याला. एकदाच. नेटकडे धावत आला, व्हॉली मारली, चांगली मारली, आणि वळताना खाली बसला — बसला म्हणजे पडला. पाणी मारलं, उठला. शामराव उगाच घाबरवतात, म्हणे, सर, हे उन्हाचं नाही, डोळे पांढरे झाले होते पोराचे, हाक मारली तरी ऐकत नव्हता. त्यांना काय कळतं? म्हणे, चार मिनिटं — किती ते मला नाही माहीत, पण उठला ना तो. उठून म्हणाला, सर, मॅच पॉइंट कोणाचा? हसलो आम्ही.

तीन-पाच. दुसरा सेट जाईल हा. जाऊ दे. तिसऱ्यात ड्रोझ्डचा गुडघा बोलायला लागेल.

डॉक्टरला? दाखवलं ना. मी नेलं, मी स्वतः, दुसऱ्या दिवशी. परळलाच, एक लेडी डॉक्टर, तरुण आहे, ईसीजी काढला, कागदाची पट्टी बघत बसली बराच वेळ. मग त्याला विचारते, घरात कोणाला असं झालंय का? तर हा बोलून गेला, बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. कसे गेले? जिन्यात. झालं, मग तिने धरूनच ठेवलं ते. निलेश, त्याचा बाप, इथेच आमच्या क्लबच्या ऑफिसात होता, माझा दोस्त — चाळीचा जिना चढताना मध्येच पायरीवर टेकला, पिशवी बाजूला ठेवली, आणि संपला. अडतीस वर्षांचा. पण त्याची गोष्ट वेगळी हो, तो दिवसभर चहावर असायचा, बिडी ओढायचा, टेन्शन घ्यायचा. हा पोरगा तेलकट खात नाही. दोघांचं काय सारखं आहे?

नाक. नाक सारखं आहे.

तिचं म्हणणं काय होतं — अजून एक टेस्ट करा, हृदयाची, सोनोग्राफीसारखी, आणि तोवर धावायचं नाही. जिनासुद्धा सावकाश चढायचा म्हणाली. अहो, दहा दिवसांवर विमान होतं. ती टेस्ट केली असती आणि त्यात काही लिहून आलं असतं, थोडंसंसुद्धा, तर मग? मग संपलं ना सगळं. डॉक्टर लोकांचं काय जातं नाही म्हणायला. मी म्हटलं, जाऊन ये, आल्यावर करू. आल्याच्या दुसऱ्या दिवशी करू, शब्द दिला मी त्याला. तो म्हणाला, आईला सांगू का, सर? मी म्हटलं, त्यांना कशाला उगाच, त्या झोपायच्या नाहीत. बरोबर की नाही? तुम्ही काय केलं असतंत? तुमच्या मुलीला अशी संधी आली असती तर — नाही, सांगा ना.

हे बघा. हे काय आलं. मेडिकल टाइमआउट. कोणाला? घाडी. घाडीच लिहिलंय ना? माझा चष्मा आत राहिला. घाडी. पाय असेल. गवतावर पाय सरकतो, मांडी भरून येते, सगळ्यांना होतं. फिजिओ येईल, बर्फ लावेल, पट्टी बांधेल. तीन मिनिटं देतात.

फिजिओला माहीत आहे का? काय माहीत आहे का? नाही. मी त्याला म्हटलं होतं बोलू नकोस. तसं नाही हो, तुम्ही समजून घ्या — ते लोक फार नियमावर चालतात, चक्कर म्हटलं की कोर्टावर पाय ठेवू देत नाहीत. आज सकाळी फोन आला होता त्याचा. तिथे पहाटच असेल. म्हणाला, सर, छातीत धडधडतंय, थांबतं आणि परत सुरू होतं. मी म्हटलं, वेड्या, एवढ्या मोठ्या मॅचच्या आधी सगळ्यांनाच धडधडतं, मला अजून धडधडतं तू खेळतोस तेव्हा. मग म्हणाला, इथे गवत एवढं मऊ आहे सर, झोपावंसं वाटतं. मी म्हटलं, जिंकून झोप.

फोन कोणाला करू? तुम्ही सोपं बोलता. तिथे कोणाला ओळखतो मी? नंबर आहे ऑफिसचा, आहे, पण काय सांगू — नमस्कार, मी कोच, तुमच्यापासून आम्ही काहीतरी लपवलंय? खेळाडू आहे तो. त्याच्या नावावर कायमचा लाल शेरा बसेल. आणि समजा पायच असेल तर? मी इथे बसून त्याचं वाटोळं करायचं — बघा, बघा, सुरू झाली. म्हटलं नव्हतं मी? पंधरा-शून्य. सर्व्हिस त्याचीच आहे, आणि पंधरा-शून्य. एस मारली असेल. पायच होता. तुम्ही उगाच माझ्या जिवाला घोर लावलात.

बसा ना, उभे का राहिलात? मुलीचं बोललोच नाही आपण. दहाव्या वर्षी आधी पाय तयार करायचे, मग हात. धावणं सगळ्यात महत्त्वाचं. सिद्धांतला मी आधी वर्षभर नुसता धाववला. रडायचा. निलेश गेल्यावर तर जास्तच, पण मी सोडला नाही, कारण रडणारं पोर धावलं की रडायचं थांबतं. अनुजा वहिनी म्हणायच्या, भावोजी, पोराला बाप मिळाला. मला मूलबाळ नाही. मी ते मनाला लावून घेतलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा-शून्यच आहे अजून.

नेट गेलं असेल. हे बघा, बाकीच्या मॅचेस हलतायत. ब्रॅडॉकची हलतेय. मेन कोर्ट हलतंय. चारच हलत नाहीये. पाऊस म्हणावं तर बाकीच्या कशा — ठिपकासुद्धा गेला. हिरवा ठिपका होता ना इथे? तुम्ही बघितलात ना?

रिटायर्ड.

सोडली मॅच. ठीक आहे. ठीक आहे, शहाणा आहे तो, दुखलं असेल, सोडली. पुढच्या वर्षी —

हा कुठला नंबर आहे. तिकडचाच दिसतोय. थांबा. जरा थांबा तुम्ही, जाऊ नका.

येस. येस, धिस इज हिज कोच. येस, डॉक्टर. — नो. नो, नेव्हर बिफोर. नेव्हर, ही इज व्हेरी फिट. फॅमिली? नो, नथिंग इन —

काय? तुम्ही मध्ये बोलू नका. हात सोडा माझा. अहो, सोडा ना —

डॉक्टर. सॉरी. सॉरी, प्लीज लिसन. वन्स. येस, वन्स, इन मे. ही फेल डाउन. येस, रनिंग. अँड द फादर. थर्टी-एट. येस, सडन. — नो, टेस्ट नॉट डन. नॉट डन. — माय डिसिजन. येस. नॉट हिज.

ठेवला त्यांनी. घाईत होते. मागे सायरन ऐकू येत होता, बोलणं नीट लागत नव्हतं. बॉल उचलायला म्हणून वाकला आणि पडला, म्हणाले. हृदय बंद पडलं होतं. कोर्टावरच मशीन लावलं, शॉक दिला, दोनदा, आता चालतंय. चालतंय म्हणाले. शुद्ध नाही. हॉस्पिटलला नेतायत. शुद्धीवर कधी येईल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, वुई डोन्ट नो इफ. एवढंच. इफ. आधीच सांगायला हवं होतं म्हणतायत, थोड्या वेळापूर्वी फिजिओ त्याच्या शेजारी बसला होता, त्याला विचारत होता, आणि हा सांगत होता, काही नाही, काही नाही. मीच सांगितलं होतं ना तसं सांगायला. माझं ऐकतो तो. सगळं ऐकतो.

आला. अनुजा वहिनींचा. — नाही, उचलायला हवा, नाहीतर त्या इथे येतील चालत, नायगावहून कितीसं आहे. तुम्ही बोलू नका. हात जोडतो, एक शब्द बोलू नका.

हां, वहिनी. — हो. संपली मॅच. — नाही ओ, हरला. पण छान खेळला, पहिला सेट घेतला त्याने. — नाही, उचलणार नाही तो आत्ता. लावू नका फोन. — जेवला. हो, जेवला, मला म्हणाला तो. आता झोपलाय.

काय बघताय? दुसरं काय सांगणार होतो त्यांना?

निघा तुम्ही. ऋग्वेदाला दुसरीकडे घाला.