तांडेलांची हरकत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा प्राचार्या वत्सलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती आदरणीय इद्रीस तांडेल सर, सौ. आमनाचाची, प्राध्यापकवर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले माझे मित्रमैत्रिणी,

सरांनी या कॉलेजात आम्हाला कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त होऊन ते उद्या रोह्याला जातील. मी मनाली, त्यांची विद्यार्थिनी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे घरी पंखा बिघडला तरी मलाच विचारतात.

सर म्हणायचे, "परीक्षेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम कुणी चालवत नाही. जिथे माणसं वावरतात, तिथे एक ओळ लिहा." मी जागा शोधली. एक खेळ आहे. त्यात चित्र एकही नाही, सगळं लिहिलेलं. आपण 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं आणि समोर काय दिसतं ते वाचायचं. देशोदेशीची माणसं एकाच वेळी तिथे गलबतं हाकतात, व्यापार करतात. त्याचा प्रोग्रॅम सर्वांना खुला आहे. कुणीही सुधारणा पाठवावी. सांभाळणारे ती वाचून, प्रश्न विचारून स्वीकारतात किंवा परत करतात.

त्या खेळात समुद्र होता, आकाशात पंचांगाप्रमाणे चालणारा चंद्र होता, पण पाणी कायम तेवढंच. आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीकाठी. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "भरती नाय, त दर्या कसला गो?" मग विचारलं, "म्हावरा तरी गावतो का तिथं?"

मी भरती-ओहोटी लिहून पाठवली. वेळ आपल्या खाडीची धरली, कारण दुसरी मला माहीत नव्हती. सांभाळणाऱ्यांनी ती घेतली. माझं काम जगात चालू झालं. घरी शिरा झाला.

आणि मग हरकत आली. 'तांडेल' नावाच्या खेळाडूने अमावास्येच्या उधाणाला मिठाने भरलेलं गलबत खाडीत फार आत नेलं होतं. पाणी उतरलं, गलबत चिखलात बसलं. रोजची भरती तिथवर पोचत नाही; पुढच्या उधाणापर्यंत थांबणं आलं. तांडेलांनी सर्वांसमोर लिहिलं की ही सुधारणा ताबडतोब रद्द करावी. आणखी चारजणांनी दुजोरा दिला. सांभाळणारे म्हणाले, विरोध कायम राहिला तर काढावी लागेल. मी रोज नम्रपणे उत्तरं देत होते. आडनावावरून ओळखायला हवं होतं, पण मला वाटलं, जगात तांडेल बरेच असतील.

एका दुपारी शिफारसपत्रावर सही घ्यायला सरांच्या लॅबमध्ये गेले. सरांच्या स्क्रीनवर लिहिलं होतं : तुम्ही चिखलात आहात.

"सर, तांडेल तुम्ही?"

"व्हय."

"हरकत पण तुमचीच?"

"गलबत माझं अडकलंय. हरकत काय शेजारी घेणार?"

"एक ओळ घालते सर. तुमचं गलबत काढून देते."

"बाकीच्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"मग भरतीच काढू?"

सरांनी चष्मा काढला. "तुझी भरती चुकीची हाय का?"

"नाय सर."

"मग चिखल माझा हाय. जा."

त्यांनी सहीही केली नाही; विसरले असावेत. संध्याकाळी तांडेलांनी जाहीर लिहिलं : 'हरकत मागे घेत आहे. गलबत सुखरूप आहे. पौर्णिमेची वाट पाहत आहे.' त्यांचं पाहून बाकीचेही गप्प झाले. भरती राहिली.

चांगला शिक्षक कोण? अशा प्रसंगी दिवा, वटवृक्ष वगैरे म्हणायची पद्धत आहे. मी एवढंच म्हणेन, की माझ्यामुळे अडकलेला माणूस माझ्याच बाजूने उभा राहिला. आमनाचाचींनी आत्ताच सांगितलं, "रोज फोनात बघून उसासे टाकायचे. मला वाटलं, रिटायर होतायत म्हणून."

आज पौर्णिमा आहे. आपल्या खाडीला उधाणाची भरती बाराच्या सुमाराला येते, म्हणजे त्या खेळातही. बारा वाजत आलेत.

मला बोलायची संधी दिलीत, सर्वांची आभारी आहे. मोठ्यांसमोर बोलण्याची सवय नाही; काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. अध्यक्षांना एकच विनंती : सरांचं उत्तराचं भाषण जरा मागे ठेवावं.

सर, शालीखाली फोन आहे, तो सगळ्यांना दिसतोय. काढा बाहेर. पाणी चढतंय.