कडी न लावलेलं दार

नाही, हणमंतराव, ‘विहीणबाई, समजून घ्या’ हे आता परत म्हणू नका. समजलंय मला. लख्ख समजलंय. माझा पोटचा लेक आलोक आइसलंडात बसून मला फोनवर सांगायला भितोय, म्हणून त्यानं तुम्हाला, सासऱ्याला, देगलूरहून लातूरला पाठवलं — की यंदा आईला आणत नाही, यंदा राजश्रीचे आई-वडील येतील, तेच नातीला, उर्वीला, सांभाळतील, तेच फिरतील. हेच ना? मग एवढं सांगायला पेढे कशाला आणले? बसा. कुठं उठून राहिले? तुमचं बोलून झालं, आता माझं ऐका.

मला त्या देशाचं काय कौतुक? एक उन्हाळा बघितला, एक हिवाळा बघितला, पोट भरलं. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही — सांजवात कधी लावायची विचारलं, तर आलोक म्हणतो, आई, घड्याळ बघून लाव. घड्याळाला सांज कळते का? हिवाळ्यात गेले तर उलटं — सूर्य येतो आणि उंबऱ्यावरूनच परत जातो, चहासुद्धा घेत नाही. आणि तुमच्या लेकीला तर सुट्टी आली की मोटार काढायचीच. कुठं? तर धबधबा. पाणी वरून खाली पडतंय, ते बघायला अर्धा दिवस मोटारीत. उतरलं की फोटो, फोटो झाला की दुसरा धबधबा. मी म्हणले, राजश्री, मघाचंच पाणी आहे गं हे, पुढं येऊन परत पडून राहिलं — तर फुगून बसली. मग तो लाव्हाचा माळ, कोस कोस लांब, आपल्या रानासारखा काळाभोर, आणि मूठभर हरभरा पेरायची सोय नाही. वर नुसतं शेवाळ, त्याच्यावर पाय ठेवला की म्हणतात, मोडलं. आणि ती गरम पाण्याची तळी — सडक्या अंड्याचा वास, लोक त्यात गळ्यापर्यंत बसून हसतात. मला म्हणले, आधी लुगडं फेडा, सगळ्यांदेखत अंघोळ करा, मग पाण्यात उतरा. मी काठावर लुगड्यातच बसले आणि एकेकाकडं बघितलं. तेच खाली बघायला लागले.

बघण्यासारखं एकच झालं तिथं, तेही मी केलं. येळवशीला, मार्गशीर्षाच्या अवसेला, आपण रानात कडब्याची कोप उभी करून पाच पांडव पुजतो, दगडांना चुना लावून — तिथं काळे दगड मांडले, चुना बर्फानंच लावून ठेवला होता. बाजरीच्या पिठाचे उंडे वळून फडक्यात बांधून तापलेल्या जमिनीत पुरले, तिथली माणसं पाव तसाच भाजतात — मऊ शिजले. उर्वी माझ्या पुढं पुढं आंबील शिंपडत पळत होती. तिला विचारा जाऊन, धबधबा आठवतो का उंडे.

आणि माझा कसूर काय? तर मी झोपताना दाराला कडी लावत नाही. सांगितलंच असेल ना जावयानं, तिखटमीठ लावून — वर उत्तरेला आलोकच्या कामाच्या गावी, लाकडी घरात, म्हातारीनं कडी काढून ठेवली, वाऱ्यानं दार उघडलं, बर्फ आत आला, पोरीच्या छातीत भरलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून आई नको. म्हणून आईला लातुरात डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. हेही सांगायला आलात का? मान खाली घातली म्हणजे आलात.

डोकं माझं जाग्यावर आहे. शाळेचं तोंड बघितलं नाही मी, पण आलोक पहिलीत गेला तशी त्याच्या पुस्तकातनं मीही पहिलीत गेले — तो इंजिनीअर होऊन थांबला, मी अजून वाचते. तिथली जमीन का तापते, खालच्या खडकाच्या लाद्या कशा फाकतात, हे मी जायच्या आधी वाचलं होतं. तुमच्या लेकीला ते गाईडनं सांगितलं तेव्हा कळलं. पण पुस्तकातली जमीन वेगळी आणि किल्लारीकडची वेगळी. भूकंपात तुमच्या देगलुरात भांडी वाजली असतील. माझी धाकटी बहीण गुणाबाई तिकडं दिली होती. दगडमातीचं घर, गणपती बुडवून आलेली, कडी घालून निजलेली. आम्ही पोचलो तोवर लोकांनी माती बाजूला केली होती. दारातच होती ती, हणमंतराव. काखेत पोरगी, आणि उजवा हात वर. बोटं कडीवर होती. तेव्हापासून माझ्या घरात कडी लागत नाही. चोर येईल? येऊ दे. माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे, बाकी नेऊ दे काय न्यायचं ते.

काय म्हणले? तिथली घरं लाकडाची, पडत नाहीत. मला शिकवून राहिले का? जमीन उठसूट थरथरते तिथं आणि लोक कूस बदलून झोपतात, तेही बघितलंय मी. आणि पुढं काय म्हणले — तुमच्या भीतीपायी आमची नात गेली असती? बरं झालं बोललात. आल्यापासून तोंडावर तेच लिहिलं होतं.

मला विमानाची हौस नाही. पण हिवाळ्यापासून माझी उर्वी मला फोनवर मिळत नाही, हे कुणी सांगितलं का तुम्हाला? मी फोन केला की झोपली, शाळेत गेली, खेळून राहिली. ‘भ’पर्यंत आली होती ती माझ्याजवळ बसून. पुढची अक्षरं कोण शिकवणार, तुम्ही? शिकवा की, मास्तर होतात. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, स्वतःच्या लेकीला —

जाऊ द्या. नाही, जाऊ कशाला द्या? एवढे दिवस जाऊच दिलं. त्या रात्री आलोक कामावर होता, घरात आम्ही तिघीच होतो. तो आल्यावर राजश्रीनं त्याला काय सांगितलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. आधी तिनं माझा हात धरला होता — आई, ह्यांना सांगू नका. मी म्हणले, राहू दे माझ्या नावावर, लेकराची आई आहे, लई भेदरलीय, नवऱ्याला काय तोंड दाखवेल. आलोक मला नको नको ते बोलला, डॉक्टर-नर्सांच्या समोर बोलला, मी तोंड उघडलं नाही. आत्तापर्यंत नाही. आणि आता तिचाच बाप पेढे घेऊन येतो आणि माझ्या घरात बसून माझ्या डोक्याचा इलाज काढतो. उर्वीला थंडी घरात लागली नाही, हणमंतराव. वाऱ्यानं दार उघडलं नाही, वारा नव्हताच त्या पहाटे. जमीन हलली, फळीवरच्या बशा खाली आल्या, आणि मी अंथरुणात उठून बसायच्या आत तुमची लेक पोरीला पोटाशी धरून अनवाणी बर्फात पळाली, माझ्या त्याच कडी न लावलेल्या दारातून, आणि तिचे बूट हातात घेऊन मागनं मी गेले.