टीव्हीवर अडकलेलं लग्न

आमच्या हिंदी मुलखातल्या नेपियर टाउनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मागून दोघीजणींचं मराठी ऐकू आलं, अन् मी माझा नंबर विसरलो.

"हेमलतावहिनी, डोळ्यात काय गेलं?"

"अक्षता."

"अच्छा, कोणाचं लग्न होतं?"

"माझंच! आमच्या अतुलनं घरातल्या साऱ्या जुन्या कॅसेटी कम्प्युटरमध्ये भरल्या. आता टीव्हीवर सिनेमासारख्या लागतात. काल आमचं लग्न लावलं, तर मंगलाष्टकातच अडकलं. आमच्या मधात अंतरपाट, अन् वर ते चक्र फिरून राहिलं."

"मग?"

"सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त टळून राहिला, टाका अक्षता. अन् टाकल्या की टीव्हीवर मूठभर."

"पण तुम्ही तिथं काहून उभ्या होत्या?"

"वायर हलवून पाहत होते ना!"

"चलो, मग सुटला का अंतरपाट?"

"कुठचा! चक्र थांबलं, अन् टीव्हीनं आपोआप पुढची कॅसेट लावली."

"कोणती?"

"आमच्या दीपाचं बारसं."

"अगंबाई! अंतरपाट न काढताच?"

"तेच तर! सासूबाई कालपासून माझ्याशी बोलत नाहीत."