अठरा दिवसांची हरळी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मंडपाचा ट्रक मुलुंड पूर्वेच्या मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबला. फाटकाला आतून कुलूप होतं आणि किल्ली मालनच्या कमरेला. मैदानाचं माळीकाम तिच्याकडे. अठरा दिवसांपूर्वी हरळीच्या काड्या तिनेच ओणवून एकेक करून लावल्या होत्या. ट्रकचं इंजिन बंद होतंय तोवर फोन वाजला. मंडपवाला राजेश, तिचा दीर.

"हॅलो? … हो भाऊजी, आलाय ट्रक. समोरच उभा आहे … नाही. उघडणार नाही."

ड्रायव्हरला फाटकावरची पाटी वाचायला सांगा, म्हणाली ती. नवीन गवत, तीस तारखेपर्यंत प्रवेश बंद.

"हळद? कुणाची? … असेल नगरसेवक साहेबांच्या पुतण्याची. हॉल मिळेना का त्यांना? … अहो, ऐका ना. ऐका. कागद आहे परवानगीचा? … तोंडी दिलीय होय? मग मीपण तोंडीच नाही म्हणते."

प्लायवूड अंथरून वर खुर्च्या मांडल्या तर दोन दिवसांत खालचं सगळं पिवळं पडतं, हे तिने दोनदा सांगितलं. मुळांनी अजून माती धरलेली नाही, चिमटीत धरून ओढलं तरी काडी हातात येते, हेही सांगितलं. दोन्ही वेळा पलीकडून मध्येच तोडलं गेलं.

"हो, हो … तुम्हीच लावलंत मला कामाला. दर दिवाळीला ऐकवता … काढा की. कंत्राटदाराला सांगून आजच काढा … ह्यांना सांगणार? सांगा. घरीच आहेत, चहा पितायत … आवाज चढवू नका. मलाही चढवता येतो."

बोलत बोलत ती पंपाच्या खोलीपाशी आली. फोन खांद्याने कानाशी दाबला आणि कडी काढली.

"आणि दिशाचा घोटा? … गेल्या वर्षी तुमच्या बांबूचा खड्डा तुमच्याच माणसांनी बुजवला नाही. वर गवत आलं, खड्डा दिसला नाही. गोलकीपर होती ती. तुमची पोर, भाऊजी. तेव्हापासून नीट धावलीय का? … नशीब म्हणता? बरं."

तिने पंप चालू केला. मग फाटकाजवळ जाऊन व्हॉल्व शेवटच्या आट्यापर्यंत खोलला.

"कसला आवाज म्हणजे? पाणी सोडलंय … कळतंय मला, चिखल होणार. चिखलात हरळी जगते. चाकाखाली नाही जगत … या ना, तुम्हीच या. गमबूट घालून या … काय करणार म्हणालात? … परत बोला. हॅलो? … भाऊजी?"

फोन कट झाला होता. तिने उलट लावला नाही.

सहा चाळीसला ट्रकमधून दोघे उतरले. एकाच्या हातात कटावणी होती. दुसरा फाटकाच्या गजांतून आतल्या चिखलाचा अंदाज घेत कुणालातरी फोन लावत होता. मालन कुलपासमोर येऊन उभी राहिली.

टाकीत पाणी साडेसातपर्यंत पुरेल एवढंच होतं.