आबांचं रिव्हॉल्व्हर

माझं बंदुका दुरुस्तीचं दुकान तुम्हाला म्हाईतच हाय. परवा जयसिंगपूरच्या एक ताई वडलांचं जुनं रिव्हॉल्व्हर परवान्यासकट घेऊन आल्या.

"चाचा, किती जुनं हाय बघा, आन् साफ करून द्या."

"इंग्रजांच्या काळातलं हाय," मी म्हटलं.

"आमचं आबा हेच पुसताना गेले. चुकून गोळी सुटली."

आत गोळी न्हाय बघून मी चाप ओढून बघितला. ह्या रिव्हॉल्व्हरची बनावटच अशी, की बोटाचा सगळा जोर लावल्याबिगर गोळी सुटतच न्हाय. माझा हात थांबला.

ताईंनी हळूच विचारलं, "सुटती न्हवं चुकून?"

"सुटती की!"

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "चाळीस वर्षं सगळी असंच सांगत्यात," म्हणाल्या, आन् रिव्हॉल्व्हर साफ न करताच पिशवीत घालून निघून गेल्या.